एकतीस चुली बंद आणि माझा एक ड्रम

कंपनीच्या बसमध्ये माणूस वीस वर्षं एकाच सीटवर बसला की किस्से आपोआप साठतात. सीटखाली शेंगांची टरफलं साठतात ना, तसेच. कुणी टाकली ते कळत नाही आणि झाडायला कुणी तयार नसतं. आमची बस भल्या सकाळी मांडवगण फराट्याहून सुटते, न्हावऱ्यावरून निमोण्याला येऊन मला उचलते आणि पहिल्या पाळीला एमआयडीसीत नेऊन सोडते. या बसमधल्या बाकीच्या किश्शांत येडा दुसराच कुणीतरी असतो. आज सांगतोय त्या सगळ्यांत तो मीच आहे. म्हणून तर मला एवढा तपशील माहीत!

विषय होता आप्पांच्या निरोपाचा. आप्पा म्हणजे आमचे ड्रायव्हर. बावीस वर्षं आम्हाला नेलं आणि सुखरूप परत आणलं. लग्न होऊन आलेले असू किंवा मर्तिक करून, आप्पांनी हॉर्न न वाजवता दारात दोन मिनिटं गाडी थांबवलेली आहे. महिनाअखेरीला ते रिटायर होणार होते. चाळीस जणांनी ठरवलं, शाल-नारळ देऊन मोकळं व्हायचं नाही. माझ्या परसात जेवण करायचं आणि तेही दणक्यात.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग मी बोललो.

*

त्या आठवड्यात मी मोबाईलवर एका जाड्या, दाढीवाल्या अमेरिकन बुवाचे व्हिडिओ बघत होतो. तो मटणाचे मोठमोठे तुकडे एका ड्रममध्ये ठेवायचा, खाली लाकडं नुसती धुमसत ठेवायचा आणि दहा-बारा तास मटण धुरावर शिजवायचा. पाणी नाही, तेल नाही, रस्सा नाही. शेवटी तो बोटांनी हाड ओढायचा आणि ते लोण्यातून निघावं तसं निघायचं. मी गेली वीस वर्षं कंपनीत हवाबंद टाक्या जोडणारा वेल्डर आहे. ड्रम दिसला की माझे हात शिवशिवतात.

चालत्या बसमध्ये उभा राहून मी जाहीर केलं, "आप्पांच्या जेवणाला नेहमीचं मटण नको. आपण स्मोक्ड मटण करू. आख्ख्या तालुक्यात कुणी केलं नसेल!"

मग मागच्या सीटवरून मांडवगणचा संतोष म्हणाला, "म्हंजी मटणाला धुरी द्यायची? का, सर्दी झालीय का त्याला?"

चाळीस माणसं फाट्यापर्यंत हसत होती. आप्पासुद्धा आरशातून हसले. पण मी पेटलो. म्हणालो, "जबाबदारी माझी!" हे वाक्य मी आयुष्यात तीनदा बोललोय आणि तिन्ही वेळा बायकोने निस्तरलंय.

*

दोनशे लिटरचा जाड पत्र्याचा ड्रम आणला. आतून भाजून, घासून चकचकीत केला. दरवाजा बसवला, आत जाळीचे दोन कप्पे केले. असं झकास वेल्डिंग केलं की ऑडिटला साहेब आले असते तर फोटो काढून नेला असता. सवयीप्रमाणे टेस्टिंगसुद्धा केलं. ड्रम आडवा करून पाणी भरलं आणि अर्धा तास बघत बसलो. एक थेंब गळला नाही! दरवाजाला तर मी रबरी पट्टीही लावली होती. सविताला, म्हणजे आमच्या मंडळींना, मुद्दाम बोलावून दाखवलं.

"लई भारी," ती म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

लाकडं पेटवली, दरवाजा लावला. दोन मिनिटांत जाळ विझला. परत पेटवला, परत विझला. रॉकेल आणावं का, असा विचार करत तासभर फुंकत बसलो. डोळे लाल, मिशा अर्ध्या करपलेल्या. शेवटी सविता बाहेर आली, ड्रमच्या भोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली,

"अवो, याला हवा कुठनं जाती?"

जात नव्हतीच. वीस वर्षं हवा बाहेर जाऊ नये म्हणून पगार घेतलेला माणूस मी, हवा आत जायला भोक ठेवायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रबरी पट्टी तोपर्यंत वितळून जाळीवर सांडली होती. ड्रिल घेऊन खाली बारा भोकं पाडली. ती पाडत असताना सविता ओट्यावर बसून चहा पीत होती. एकेक भोक मोजत होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

*

पहिली ट्रायल कोंबडीची. तो दाढीवाला व्हिडिओत सांगायचा की लाकूड कुठलं वापरता त्यावर सगळी चव ठरते. त्याच्याकडची लाकडं आपल्याकडे कुठली मिळायला! आमच्या दारात वाऱ्याने पडलेली कडुनिंबाची मोठी फांदी होती. वाळलेली, आयती, फुकट. मी विचार केला, निंब म्हणजे औषधी. चवीला चव आणि तब्येतीला तब्येत.

पाच तास धूर दिला. कोंबडीला असा तांबूस रंग आला की मी बसच्या ग्रुपवर फोटो टाकला. अडतीस लोकांनी अंगठे दाखवले. मग घरचे जेवायला बसले. मी पहिला घास घेतला आणि चेहरा हलू दिला नाही. आमच्या लेकीने घास घेतला आणि उठून मोरीवर गेली. सविताने मात्र सावकाश चावला, गिळला, वर तांब्याभर पाणी प्याली आणि मला विचारलं,

"कोंबडीला हिवताप आल्ता का?"

उरलेली कोंबडी कुत्र्याला घातली. त्याने वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि शेजारच्या वस्तीवर निघून गेला. दोन दिवस तिकडेच होता.

*

मग तारीख. चाळीस माणसांना मटण घालायचं तर सगळ्यांचा खायचा वार जुळायला हवा. ग्रुपवर विचारलं. सोमवार महादेवाचा, गेला. मंगळवार देवीचा. गुरुवारी निम्मी बस उपाशी. शनिवार मारुतीचा. शुक्रवारी दोघांच्या घरी बायकांचे उपास, आणि "घरात उपास असताना मी मटण हाणून आलो तर दार उघडायचं कोन?" हा प्रश्न. राहिला बुधवार, तर त्या बुधवारी एकादशी. रविवारी सुट्टी, सगळ्यांच्या सोयीची, पण आमच्या बसमधल्याच बिरूच्या भावकीत रविवार खंडोबाचा. बिरूच्या आजोबांपर्यंत मेंढरं होती. आता बागायत आहे, पण बोकडाची पारख करावी तर बिरूनेच. तो नाही तर बोकड निवडणार कोण?

तीन दिवस ग्रुपवर नुसते देव चालले होते. शेवटी बिरूचा मेसेज आला: "रविवार फिक्स करा. खंडोबाचं मी बघतो, ड्रमचं तुमी बघा."

सगळ्यांना विचारलं, पण ज्यांच्यासाठी जेवण त्या आप्पांना विचारायचंच राहिलं होतं! मी केबिनमध्ये जाऊन विचारलं. ते म्हणाले, "कंचा बी वार धर. फकस्त माजी शेवटची फेरी हून जाऊ दे, मग."

मला वाटलं, ड्युटीची काळजी असेल.

*

त्याच आठवड्यात आप्पांच्या घरी जाणं झालं. आप्पा बाहेर गेले होते. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, चहा दिला. मी फुशारकीत ड्रमचा फोटो दाखवला. म्हटलं, "काकू, आप्पांना पित्ताचा त्रास आहे ना, आम्ही तिखट कमी टाकू." कारण कंपनीच्या कुठल्याही जेवणाला आप्पा "आज पित्त झालंय" म्हणून नुसता भात-वरण घ्यायचे. आम्ही तर एका दिवाळीला त्यांना पित्ताच्या गोळ्यांचा डबा भेट दिला होता, सोनेरी कागदात बांधून!

काकू हसल्या. म्हणाल्या, "पित्त कुठलं बाबा. नवस हाय त्येंचा."

अकरा वर्षांपूर्वी धुक्यात आमच्या बसपुढे उसाची ट्रॉली आली होती. ब्रेक लागला नाही. आप्पांनी गाडी कडेच्या उभ्या उसात घातली आणि ती उसातच थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आम्ही आत ऊस मोडून खात बसलो होतो, हे मला चांगलं आठवतं. आप्पा तेव्हा रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले होते. आम्हाला वाटलं, फोन लावतायत.

"त्या दिसापास्नं मटण सोडलं त्येंनी," काकू म्हणाल्या. "कवठ्याच्या येमाईला बोलले, रिटायर हुईस्तवर माज्या गाडीतल्या एका बी पोराला काय झालं न्हाई, तर तवाच तोंडात घालीन. लई आवडायचं हो त्यास्नी मटण. पोरीच्या लग्नात सुदिक न्हाई खाल्लं." मग त्यांनी माझ्या मोबाईलकडे बोट दाखवलं. "आता म्हंत्यात, सोडीन तर पोरांच्यातच सोडीन. भाऊच्या हातचं खाऊन."

भाऊ म्हणजे मी. मी कप खाली ठेवला. अकरा वर्षं! चाळीस माणसांच्या जिवासाठी एक माणूस अकरा वर्षं वरण-भात खात होता आणि आम्ही त्याला पित्ताच्या गोळ्या दिल्या. खरं सांगतो, मला लाज वाटली. आणि दुसऱ्या क्षणाला भीती वाटली. या माणसाचा अकरा वर्षांनंतरचा पहिला घास आता माझ्या ड्रममधून निघणार होता. माझ्या नावावर तोवर जमा काय, तर एक हिवतापाची कोंबडी.

घरी येऊन सविताला सांगितलं. तिने परात बाजूला सारली. मग म्हणाली, "मग तर पातेल्यातच करा ना."

"आता कसं करणार? काकूंनी ड्रमचा फोटो बघितलाय."

*

आता चुकायचं नाही म्हणून दुसरी ट्रायल मन लावून केली. लाकूड बाभळीचं. त्यावर पाण्यात भिजवलेले ढलपे, म्हणजे धूर भरपूर. नदीपलीकडे दौंड तालुक्यात मेहुण्याचं गुऱ्हाळ आहे, तिथून आणलेल्या गुळात तिखट-मीठ कालवून ते तंगडीला चोळलं. जेवणाच्या आधीच्या रविवारी सकाळी ड्रम लावला आणि खुर्ची टाकून बसलो. धूर असा निघाला की काय सांगू! पांढरा, दाट, परसातून उठून शेजारच्या तात्यांच्या उसावर पसरलेला.

दीडेक तासाने आरडाओरडा ऐकू आला. बघतो तर बांधावरून पंचवीस-तीस माणसं पळत येतायत. कुणाच्या हातात डहाळ्या, कुणाच्या हातात घमेली, आणि एकजण चक्क ट्रॅक्टरवर फवारणीचा टँकर घेऊन. उसाला आग लागली की आमच्याकडे भांडणं विसरून आख्खा गाव धावतो. मी "अहो थांबा, थांबा" म्हणेपर्यंत टँकरवाल्याने पाइप सोडला होता. ड्रम विझला, तंगडी धुतली गेली आणि मीही.

मग सगळे घमेली उपडी करून त्यावर बसले आणि सविताने तीस कप चहा केला. कुणी रागावलं नाही. फक्त तात्या, ज्यांचा ऊस होता ते, उसाकडे बघत उभे राहिले होते. त्यांच्या उसाला दोन महिने झाले तरी तोड मिळत नव्हती. कारखान्याची ऊसतोड टोळी आज येते, उद्या येते, असं चाललं होतं. जळालेला ऊस मात्र लगेच तोडून नेतात. तात्या माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले,

"म्हंजी पेटला न्हाईच व्हय? काय राव भाऊ! टोळी तरी आली असती!"

*

संतोषवर एकच काम सोपवलं होतं. तो आप्पांच्याच गावचा, म्हणून त्याला म्हटलं, "आप्पांच्या घरच्यांना रीतसर सांगून ये."

आता आमच्याकडे नवसाचं जेवण म्हटलं की त्याला रीत असते. घरटी एकाला बोलावून भागत नाही. आमंत्रण चूलबंद द्यायचं. म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूलच पेटवायची नाही, म्हातारी-कोतारी, पोरंबाळं, सगळ्यांनी जेवायला यायचं. आप्पांच्या नवसाचं मी संतोषला सांगितलं होतं. ही माझी चूक. तो देवळात गेला आणि भोंग्यावरूनच पुकारा केला, आप्पांच्या सगळ्या भावकीला निमोण्यात भाऊंच्या घरी चूलबंद जेवण!

संध्याकाळी त्याचा फोन आला, आवाजात भलताच उत्साह.

"माणसं किती झाली?" मी विचारलं.

"मानसं न्हाई मोजली. चुली मोजल्या. एकतीस!"

ड्रममध्ये जास्तीत जास्त चार तंगड्या मावत होत्या. मी कागद घेऊन हिशेब मांडला, दर माणशी किती बोटं मटण येतं ते. अंगठ्याच्या नखाएवढंसुद्धा येईना. सविताने कागद माझ्या हातातून काढून घेतला, चुलीत घातला आणि म्हणाली, "एकतीस चुली बंद आन् तुमचा एक ड्रम चालू. झोपा आता."

दुसऱ्या दिवशी ती आणि काकू फोनवर बराच वेळ बोलत होत्या. मी जवळ गेलो की सविता आवाज बारीक करायची.

*

आणि तो रविवार. आदल्या दिवशी आप्पांची शेवटची फेरी झाली होती. गाडीतून उतरताना प्रत्येकाने त्यांच्या पायांना हात लावला आणि प्रत्येकाला ते "चल, चल, गाडी लावायचीय" म्हणाले.

मी पहाटेच ड्रम पेटवला. चार तंगड्या लावल्या. हिशेबाने एक वाजता तयार. पण सकाळी नऊपासून माणसं यायला लागली, आणि आमच्याकडे जेवणाच्या घरी आलेला माणूस आधी भांड्याचं झाकण उघडून बघतो. "बघू तरी काय केलंय!" म्हणून येईल तो ड्रमचा दरवाजा उघडायचा, आत डोकावायचा, "कच्चं हाय" म्हणायचा आणि दरवाजा अर्धा उघडा टाकून पाणी प्यायला जायचा. धूर बाहेर, उष्णता बाहेर. मी दरवाजासमोर उभा राहिलो तर म्हाताऱ्यांनी मला बाजूला सरकवून बघितलं. एक वाजता तंगड्या बाहेरून टायरसारख्या काळ्या आणि आतून हट्टाला पेटलेल्या होत्या.

परसात दीडशेच्या वर माणसं. मी घाम पुसत घराच्या पुढच्या बाजूला आलो आणि बघतो तर काय! दोन मोठी पातेली मटणाच्या रश्शाने रटरटतायत, बिरू डाव घेऊन उभा, आणि बायकांची रांग भाकऱ्या थापतेय. सविता मला म्हणाली, "तुमच्यावर माजा इस्वास हाय. पर दीडशे मानसांच्या भुकंवर जास्त हाय."

मला रडू आलं. धुराने नव्हे.

पंगती बसल्या. रस्सा वाढायला घेतला, पण कुणी घास उचलेना. आप्पांनी नवस सोडल्याशिवाय कोण जेवणार? बिरूने आप्पांच्या ताटात डावभर रस्सा ओतायला हात पुढं केला, तसा आप्पांनी ताटावर हात धरला.

"त्ये नंतर. भाऊनं पहाटंधरनं धूर खाल्लाय. आधी त्येच्या हातचं."

"आप्पा, ऐका माझं," मी म्हणालो, "रस्सा चांगलाय. खरंच चांगलाय. हे राहू द्या."

"आन की रं!"

गेलो. तंगडी काढली. सुरी चालेना, म्हणून बिरूची कुऱ्हाड घेतली. त्यातल्या त्यात मऊ दिसणारा एक तुकडा दोन्ही हातांत धरून आणला आणि आप्पांच्या ताटात ठेवला. आप्पांनी टोपी नीट केली, कवठ्याच्या दिशेला तोंड करून हात जोडले, डोळे मिटले. शेजारी काकूंनी पदर तोंडाला लावला होता.

आप्पांनी तुकडा तोंडात घातला. चावला. परत चावला. या गालातून त्या गालात नेला. मान थोडी वाकडी करून दाढेखाली धरला. आम्ही चाळीस जण त्यांच्या जबड्याकडे बघत होतो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मिशांवरून खाली ओघळलं, तरी ते चावतच होते. किती वेळ गेला देव जाणे. शेवटी एकदाचं गिळलं.

मी विचारलं, "आप्पा... कसं झालंय?"

आप्पांनी उपरण्याने डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं, कवठ्याच्या दिशेला बघितलं आणि म्हणाले,

"भाऊ, येमाईला सांगून नवस आजून वरीसभर वाढवावा म्हंतो."

आणि आणखी एका तुकड्यासाठी ताट परत माझ्याच पुढं केलं.